पाचपैकी तीन

वाघमारे सर गेल्याचं मला फरहीनने सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात माझ्या जागेवर बसले होते आणि समोरच्या पडद्यावर पाच मशीनं दिसत होती. तीन नव्या आवृत्तीवर, दोन जुन्या. ते काम अर्धवट ठेवून सरांनी सुट्टी घेतली होती, "दोन दिवस दवाखान्यात दाखवून येतो" एवढंच सांगून. दोनाचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी सकाळी शेजारच्या टेबलावरची फरहीन, जी कधीच हळू बोलत नाही, माझ्या खुर्चीमागे येऊन हळू आवाजात म्हणाली, "मानसी, सर नहीं रहे." मी मान हलवली आणि पडद्याकडे बघत राहिले. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते इतकंच, की उरलेल्या दोन मशीनांचं आता कोण करणार... हे मी कुणाला सांगितलं नाही. सरांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नसतं.

आमची कंपनी लहान आहे. काशीगावच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत, गाळ्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. औषधांची गोदामं, मासळीची कोल्ड स्टोरेज, आइस्क्रीमवाले, अशा लोकांच्या थंड खोल्यांमध्ये आमचे सेन्सर बसवलेले असतात. दर दहा सेकंदांनी प्रत्येक खोलीचं तापमान आमच्याकडे येतं आणि वेळेसकट साठवलं जातं. ही सगळी साठवण पाच मशीनं वाटून घेतात. त्यांना एकत्र क्लस्टर म्हणतात आणि एकेकाला नोड. प्रत्येक नोंद दोन नोडवर ठेवलेली असते, म्हणजे एक बंद असला तरी दुसरा सांभाळतो. वर्षातून एकदोनदा या डेटाबेसची नवी आवृत्ती येते आणि पाचही नोड एकामागून एक बंद करून, नवे करून, परत चालू करावे लागतात. बाहेर मात्र कुणाला काही कळता कामा नये. नोंदी येतच राहायला हव्यात.

हे काम गेली कित्येक वर्षं वाघमारे सर करत होते. इतर ठिकाणी असलं काम रविवारी किंवा मध्यरात्री उरकतात, कारण तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. सर मंगळवारी सकाळी अकराला करायचे. का, असं मी नवीन असताना विचारलं होतं, तेही दोन दिवस वाक्य जुळवून. ते म्हणाले, "चुकलं तर कुणीतरी जागं पाहिजे ना."

पन्नाशी ओलांडलेले, सावळे, बुटके, शर्टाच्या खिशात कायम एक पेन आणि एक पेन्सिल. वडील मराठवाड्यातून आलेले. सर राहायला थोडं लांब, खारी गावात, आणि ऑफिसात मात्र सगळ्यांच्या आधी. आमच्यात ते एकटेच कॉम्प्युटरची पदवी नसलेले. तरुणपणी ते बर्फाच्या कारखान्याला लागून असलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर होते. दर तासाला काट्यावरचं तापमान बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हीच नोकरी. कॉम्प्युटर नंतर शिकले, क्लास लावून. ते हसत म्हणायचे, "मी आधी स्वतःच डेटाबेस होतो."

तिथलं रजिस्टर त्यांनी इथेही आणलं. म्हणजे तसंच एक, लाल पुठ्ठ्याचं, सुतळीने त्यांच्या टेबलाशेजारच्या खिळ्याला टांगलेलं. अपग्रेडची प्रत्येक पायरी त्यात मराठीत, हाताने. तारीख, वेळ, कोणता नोड, आणि शेवटी दोन रकाने... 'करणार' आणि 'बघणार'. एकट्याने करायचं नाही, हा नियम. मी पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, घरात मराठी बोलायचो पण वाचायची वेळ लग्नपत्रिकेपुरती यायची. ते रजिस्टर मी सुरुवातीला बोट ठेवून वाचायचे. सरांनी ते पाहिलं असणार, कारण त्यानंतर त्यांचं अक्षर सुटं सुटं झालं. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. एरवी माझ्या गप्प बसण्यावर मात्र टोमणे असायचे. "फरहीन, जरा बघ, मानसी चालू आहे ना? आपला सर्व्हरसुद्धा दहा सेकंदांनी काहीतरी बोलतो."

त्यांची दुसरी पद्धत चहाची. एक नोड नवा होऊन चालू झाला की पडद्यावर हिरवा दिवा लागतो. पण तो बंद असताना आलेल्या नोंदी जोडीच्या नोडांनी त्याच्यासाठी धरून ठेवलेल्या असतात. त्या सगळ्या त्याच्याकडे पोचेपर्यंत पुढच्या नोडला हात लावायचा नाही. हे वाट बघणं फार कंटाळवाणं असतं आणि हात शिवशिवतात. म्हणून सर हिरवा दिवा दिसला की खालच्या टपरीवर फोन करायचे, चहा यायचा, तो सावकाश प्यायचा, आणि मगच मागचं भरलं का ते तपासायचं. "दिवा लागला म्हणजे तो आलाय," ते सांगायचे. "मागचं अजून भरतंय. भरू दे."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला पहिल्यांदा करणार केलं. पहिला नोड नीट झाला. दुसरा चालू झाला, हिरवा दिवा लागला, आणि त्याच वेळी साहेबांनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकांनी, सरांना केबिनमध्ये बोलावलं. जाताना ते म्हणाले, "चहा मागव, मी आलोच." मी फोन उचलला आणि ठेवला. एकटीसाठी चहा मागवायचा, टपरीवाल्याशी बोलायचं... मला ते जमेना. हे आज लिहितानाही विचित्र वाटतं, पण घडलं ते असंच. चहा नाही, तर नुसतं बसून काय करायचं, म्हणून मी तिसरा नोड बंद केला.

दुसऱ्याचं मागचं अजून भरत होतं, आणि ते होईपर्यंत तो नव्या नोंदी घेत नाही. एका औषधांच्या गोदामाच्या नोंदी नेमक्या या दोघांकडेच होत्या. अकरा मिनिटं त्यांना ठेवायला कुठे जागाच नव्हती. त्या गेल्या.

आलेखात त्या गोदामाची रेघ तुटलेली दिसत होती. आमच्या पडद्यावर एक सोय आहे, तुटलेली दोन टोकं जोडून दाखवण्याची. मी ती सुरू केली. रेघ अखंड झाली. सर केबिनमधून आले, खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी खिशातली पेन्सिल काढून पडद्यावर टेकवली, बरोबर त्या जागी. "मानसी, कोल्ड रूममध्ये कॉम्प्रेसर चालू होतो, बंद होतो. रेघ करवतीसारखी जाते. इतकी सरळ रेघ फक्त माणूस काढतो."

मी रडले नाही. मला वाटलं, आता ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला कोल्ड स्टोरेजमधली एक दुपार सांगितली. त्यांचा डोळा लागला होता, तीन तासांचा खाडा पडला. उठल्यावर त्यांनी तिन्ही घरांत उणे अठरा, उणे अठरा, उणे अठरा लिहून टाकलं. प्रत्यक्षात मशीन मध्येच बंद पडून परत चालू झालं होतं. एका कोळीणबाईंचा माल खराब झाला. त्या भांडायला आल्या, तर मालकाने त्यांच्यासमोर रजिस्टर उघडून ठेवलं. बघ बाई, तापमान बरोबर होतं. "त्यांना वाचता येत नव्हतं," सर म्हणाले. "तरी त्या पानाकडे बघून गप्प झाल्या आणि निघून गेल्या. मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही."

मग त्यांनी फोन माझ्यासमोर सरकवला. गोदामाला मीच कळवलं, मोडक्या हिंदीत, आणि ते पूर्ण वेळ शेजारी बसून होते. गोदामवाल्यांनी तिथला माल बाजूला काढून तपासून घेतला, तो चांगला निघाला. पण ते फार चिडले आणि साहेब त्याहून जास्त. माझी नोकरी जाणार असं मी धरून चालले होते. सर रजिस्टर घेऊन केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं, ते बोट ठेवून दोन्ही रकाने दाखवत होते. नंतर फरहीनकडून कळलं, ते म्हणाले होते, "करणार ती, बघणार मी. काढायचं तर दोघांना काढा."

त्यानंतर मी नोडला हात लावला नाही. दर वेळी ते विचारायचे, "आज तू?" मी नाही म्हणून मान हलवायचे. ते बरं म्हणायचे आणि स्वतः बसायचे. मी बघणार.

खारीतल्या हॉलमध्ये सरांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आणि फरहीन गेलो होतो. बुद्धवंदना झाली, नात्यातले दोघेतिघे बोलले. कुणाच्याच बोलण्यात त्यांचं हे काम आलं नाही, ते कुणाला माहीतच नव्हतं बहुतेक. निघताना सुनंदाकाकू, त्यांच्या पत्नी, जवळ आल्या. "तू मानसी ना? ते म्हणायचे, एक पोरगी आहे, बोलत काही नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही." मग त्यांनी विचारलं, "ते मशीनचं झालं का गं? दवाखान्यात सारखं तेच चाललं होतं."

झालं नव्हतं. जुनी आणि नवी आवृत्ती फार दिवस एकत्र ठेवता येत नाही, त्यांचं एकमेकांशी जमेनासं होतं. साहेबांनी बाहेरचा माणूस ठरवला होता, येत्या रविवारी दोन्ही नोड एकदमच उरकणारा. त्याला द्यायचं म्हणून मी सुतळी सोडून रजिस्टर खाली घेतलं. तोवर ते उघडायचा मला धीर झाला नव्हता. शेवटच्या पानावर पाच ओळी आखलेल्या होत्या. पहिल्या तीन पेनने भरलेल्या... करणार वाघमारे, बघणार मानसी. चौथ्या आणि पाचव्या ओळीत वेळ रिकामी, बघणार रिकामा. करणारच्या रकान्यात त्यांच्या सुट्या सुट्या अक्षरात, पेन्सिलीने, माझं नाव होतं.

म्हणजे त्यांनी त्या दिवशी तिसऱ्यावर काम थांबवलं, ते फक्त दवाखान्यासाठी नव्हतं. त्यांनी पेन वापरलं नाही, हेही माझ्या लक्षात आलं. नाही म्हणायची सोय ठेवली होती.

मी केबिनचं दार वाजवलं. साहेबांना म्हणाले, मी करते. मंगळवारी, अकरा वाजता, एका वेळी एकच. ते माझ्याकडे बघत राहिले, बहुधा मी एका दमात एवढं बोलल्यामुळे.

फरहीन शेजारी बसली. चौथा नोड बंद केला, नवा केला, चालू केला. हिरवा दिवा लागला. ती म्हणाली, "हो गया ना? अब लास्टवाला?" मी म्हणाले, "आया है. अभी भर रहा है." आणि फोन उचलून खाली दोन चहा सांगितले. पलीकडून टपरीवाल्याने विचारलं, "वाघमारे सर का ऑफिस?" मी हो म्हणाले.

दुपारपर्यंत पाचही झाले. प्रत्येक गोदामाची रेघ मी जवळून पाहिली. सगळ्या करवतीसारख्या होत्या, कुठे खाडा नव्हता. रजिस्टरात त्यांच्या पेन्सिलीवर मी पेन फिरवलं नाही, शेजारी सही केली. बघणारच्या रकान्यात फरहीनने तिची केली. मग मी खाली पुढच्या वेळेसाठी पाच ओळी आखल्या आणि पहिल्या ओळीत, करणारच्या रकान्यात, पेन्सिलीने फरहीनचं नाव लिहिलं. तिने वाकून पाहिलं. मराठी तिला वाचता येत नाही नीट, पण आपलं नाव ओळखलं तिने. "मैं नहीं हां," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले, आणि रजिस्टर परत खिळ्याला टांगलं.