दर वीस मिनिटांनी बोट

लिफ्ट बंद पडली की लोक मिस्त्रीला फोन करतात आणि तो पोचायच्या आतच त्याच्यावर ओरडून घेतात. तेवढाच वेळ वाचतो. सव्वीस वर्षं तो हे ऐकत आलाय. पाचव्या मजल्यावरच्या बाई म्हणतात लिफ्टसाठी दहा-दहा मिनिटं ताटकळावं लागतं, सातव्या मजल्यावरचे वकील म्हणतात अर्धा तास. मिस्त्री काही वाद घालत नाही. खिशातलं घड्याळ काढतो, बटण दाबतो आणि काटा दाखवतो: अडतीस सेकंद. मग वकीलसाहेब घड्याळावर संशय घेतात.

आता ज्याची अख्खी हयात लोकांचं ताटकळणं कमी करण्यात गेली, त्याच माणसाने उठून एका कंपनीकडे मागणी करावी की बाबांनो, आम्हाला जास्त ताटकळत ठेवा, याला काय म्हणायचं? त्याच्या बायकोने यासाठी एक शब्द वापरला होता. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण चुकीचाही नव्हता.

झालं असं, की वीसेक वर्षांपूर्वी मिस्त्री सडाफटिंग होता. भाड्याची एक खोली, एक खाट आणि कुणाचा तरी वापरून टाकलेला कॉम्प्युटर. त्या काळी इंटरनेटवर एक खेळ होता. हजारो माणसं आपापल्या घरी बसून त्यात एकत्र खेळायची. कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार, कुणी सरळ चोर. आधी उंदीर मारायचे, मग लांडगे, आणि अंगात बळ आलं की समुद्रापलीकडच्या बेटावर जाऊन राक्षसांना तोंड द्यायचं. बेटावर जायला बोट होती. बोट यायची तेव्हा यायची. तोवर धक्क्यावर उभं राहायचं, दुसरा इलाज नाही.

मिस्त्री योद्धा होता. त्याच्या शेजारी धक्क्यावर एक दाढीवाला जादूगार उभा असायचा. पहिल्या दिवशी दोघांनी नमस्कार-चमत्कार केले, दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्याला लिफ्टमध्ये अडकलेल्या एका जाड्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली, आणि मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी सात ते नऊ, तीन वर्षं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काय काय करतात, कोण देवाला हाक मारतं, कोण सासूला शिव्या देतं, सगळं मिस्त्रीने त्याला सांगितलं. दाढीवाला हसायचा, 'मग पुढे?' विचारायचा. मिस्त्रीला वाटायचं, आपण दोघं किती बोलतो! एका संध्याकाळी मिस्त्रीचं वाक्य अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. कंपनी बुडाली होती. तशी नोटीस महिनाभर लागलेली होती म्हणे, पण ती वाचायला गप्पांतून सवड कुणाला होती? एकमेकांची खरी नावंसुद्धा विचारायची राहिली.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकायला वसतिगृहात गेली. दाढीवाला मात्र मिस्त्रीच्या मनातून गेला नाही. चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ही. बायकोला एकदा सांगितली, तर ती म्हणाली, 'अहो, माझ्याशी कधी सात ते नऊ बोललात?' तेव्हापासून तोही विषय बंद.

आणि गेल्या वर्षी बातमी आली, की कुठल्याशा नव्या कंपनीने त्या जुन्या खेळाच्या वळणावर नवा खेळ काढलाय. शरीर नवं, आत्मा तोच, अशी जाहिरात. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. त्याचं जुनं नाव कुणा पोराने आधीच पटकावलं होतं, तेव्हा दुसरं घ्यावं लागलं. आत जाऊन बघतो तर उंदीर तेच, लांडगे तेच, धक्क्याच्या फळ्याही तशाच करकरणाऱ्या. फक्त बोट गायब. धक्क्यावर एक बटण होतं. दाबलं की माणूस थेट बेटावर.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोट नाही तर धक्क्यावर कोण थांबणार? कुणी थांबणारच नसेल तर दाढीवाला कुठे भेटणार? खेळाच्या फोरमवर, म्हणजे खेळाडूंच्या त्या ऑनलाइन चावडीवर, त्याने विचारलं, बोट कुठे आहे. उत्तर आलं, 'काका, वेळ कोणाला आहे?'

बस्स. तिथून युद्ध पेटलं. मिस्त्रीने अर्ज लिहिला: बोट परत आणा. बघता बघता चार हजार सह्या पडल्या. त्यातली निम्मी माणसं जुना खेळ चालू होता तेव्हा जन्माला यायची होती, पण जुन्या दिवसांच्या आठवणीने सगळ्यात जास्त गळा त्यांचाच दाटून यायचा. मिस्त्रीला सगळे 'बोटवाले काका' म्हणू लागले. सव्वीस वर्षांत लिफ्टने जो मान दिला नव्हता तो न आलेल्या बोटीने दिला. गडी जरा फुगलाच.

विरोधक नव्हते असं नाही. 'अर्धा तास' या टोपणनावाचं एक माणूस हात धुऊन मागे लागलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच, की ज्यांना बोट हवी त्यांना ती लखलाभ, आमचं बटण राहू द्या. मिस्त्रीने ठणकावलं, की एवढीच घाई असेल तर पत्ते कुटा. पलीकडून उत्तर आलं, की एवढाच वेळ असेल तर घरातली भांडी घासा. हे बायकोने वाचलं आणि हा माणूस शहाणा दिसतोय असं जाहीर केलं. सहा महिने दोघं एकमेकांच्या उरावर बसले होते. मिस्त्रीने त्याला उथळ म्हटलं, नव्या जमान्याचं उतावीळ पोर म्हटलं, मैत्री कशाशी खातात हे तुला कळायचं नाही असंही म्हटलं.

शेवटी कंपनी नमली. पण एक अडचण होती. जुन्या कंपनीबरोबर तिची दप्तरंही बुडालेली. जुनी बोट किती वेळाने यायची याची कुठेच नोंद नव्हती. जुन्या खेळाडूंनी साक्ष द्यावी, असं आवाहन निघालं. कुणी दहा मिनिटं म्हणालं, कुणाला आठवेना. मिस्त्रीने छातीठोकपणे लिहिलं: वीस मिनिटं. मी तीन वर्षं तिथे उभा होतो आणि सेकंद मोजणं हाच माझा धंदा आहे. यावर कोण काय बोलणार? 'अर्धा तास' एवढंच म्हणाला, 'वीस? नक्की?' मिस्त्रीने फटकारलं, 'तुम्ही होता का तिथे?' त्यावर उत्तर आलं नाही. मिस्त्रीला वाटलं, कसा गप्प केला!

बोट आली. दर वीस मिनिटांनी. बटण गेलं. पहिल्या दिवशी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आणि कुणी म्हणजे कुणी बोलत नव्हतं. लोक आपापलं पात्र धक्क्यावर उभं करायचे, त्याच्या डोक्यावर 'जेवायला गेलोय', 'आलोच' अशी पाटी लावायचे आणि निघून जायचे. मिस्त्री रोज दुपारी एकला कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये डबा खायला बसायचा. समोर मोटर, लोखंडी दोर, ग्रीसचा वास. ग्रीसच्या डब्यावर लॅपटॉप. तीन आठवडे त्याने त्या निर्जीव गर्दीत दाढीवाल्याला शोधलं. एकदा एकाला लिफ्टची गोष्ट सांगायला घेतली, तर त्याने 'काका, जाहिरात करू नका' म्हणून तक्रार केली.

चौथ्या आठवड्यात 'अर्धा तास'ने फोरमवर निरोप लिहिला. मिस्त्री विजयी मुद्रेने वाचायला बसला.

'मी खेळ सोडतेय,' असं लिहिलं होतं. मिस्त्री 'सोडतेय'वर अडखळला. बाई होती तर! 'रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मला जेवायची सुट्टी अर्धा तास मिळते, त्यातली पंचवीस मिनिटं खेळायला उरतात. वीस बोटीची वाट बघण्यात गेली तर उरलं काय? बोटवाल्या काकांवर माझा राग नाही. जुन्या खेळात मीही तीन वर्षं धक्क्यावर उभी होते. दाढीवाला जादूगार. जादूगाराच्या तोंडी शोभेल तसं बोलायचे, चाललो रे, आलो रे. शेजारी एक लिफ्ट दुरुस्त करणारा योद्धा असायचा. त्याला शोधायला आले होते. बेटावर असेल असं वाटलं, म्हणून बटण हवं होतं. नाही सापडला.'

मिस्त्रीच्या हातातला घास डब्यात पडला. सहा महिने ज्याच्यासाठी रान उठवलं, सहा महिने त्यालाच शिव्या घातल्या! त्याला इतकी लाज वाटली की मशीन रूममध्ये एकटा असूनही त्याने तोंडावर हात धरला. मग तिला खाजगी निरोप पाठवला: मीच तो. बोटवाला काकाही मीच. शंभरदा माफी. एकदा धक्क्यावर या, मी रोज दुपारी एकला असतो.

दुसऱ्या दिवशी एकला ती आली. या वेळी पात्र साधंसुधं होतं, दाढीबिढी नव्हती. मिस्त्री 'तुम्ही' म्हणू लागला, तर तिने लिहिलं, तीन वर्षं मी 'तू' होते, आता कसलं तुम्ही. त्याला हायसं वाटलं आणि सवयीने त्याने वकीलसाहेबांची लिफ्ट सांगायला घेतली. ती हसली. मग म्हणाली, 'एक सांगू? रागावणार नाहीस?'

'सांग.'

'बोट दर सात मिनिटांनी यायची.'

मिस्त्रीने लिहिलं, शक्य नाही, मी मोजायचो.

'तू काही मोजायचा नाहीस. तू एका बोटाने टाइप करायचास, मान खाली घालून. गोष्ट संपली की वर बघायचास आणि म्हणायचास, अरे, आली वाटतं. त्याआधी दोन येऊन गेलेल्या असायच्या. मी बघायचे. पण तुझी गोष्ट तुटेल म्हणून सांगायचे नाही.'



'तेव्हा मी आईच्या उशाशी बसलेली असायचे,' तिने पुढे लिहिलं. 'तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. रडायला गेलं तर तिला ऐकू जायचं. तुझ्या अडकलेल्या माणसांनी मला तारलं रे. बेट कसं दिसतं हे मला कधी बघायचंच नव्हतं. पण आता माझ्या पंचवीस मिनिटांत तुझी बोट एकच येते. सोडायला दुसरी नाहीच.'

एवढ्यात तिची सुट्टी संपली आणि ती गेली.

त्याच दुपारी मिस्त्रीने कंपनीला पत्र लिहिलं. माझी साक्ष चुकली, बोट सात मिनिटांनी यायची, माझी मान खाली होती. अभिमान गिळून लिहिलं, तेही जाहीरपणे. फोरमवर गहजब झाला. चार हजारांतल्या निम्म्या लोकांनी त्याला फितूर ठरवलं, आणि एका विशीतल्या जाणकाराने, या गृहस्थांनी जुना खेळ मुळात खेळलाच नसावा, असा निष्कर्ष काढला. कंपनीचं उत्तर मोठं नम्र होतं. भावना पोचल्या, पण ऐतिहासिक अचूकतेशी तडजोड करता येणार नाही. वीस मिनिटांचा आकडा एका अत्यंत विश्वासू जुन्या खेळाडूच्या साक्षीवर आधारलेला आहे. पुरावा म्हणून त्याचं पत्रही जोडलं होतं. मिस्त्रीने ते उघडलं. अक्षर न् अक्षर त्याचंच.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी हसली नाही. म्हणाली, 'तीन वर्षं बोललात ना तिच्याशी? मग तिची आई आजारी होती हे आत्ता कळलं तुम्हाला?'

दुसऱ्या दिवशी एकला मिस्त्री धक्क्यावर उभा होता. ती आली, म्हणाली, सोडणार होते, पण म्हटलं आज एकदा येऊन बघू. मिस्त्रीने नुसता नमस्कार केला. तिने विचारलं, आज कुणी अडकलं नाही का? अडकलं होतं, सकाळीच एक अख्खी बँड पार्टी ढोलासकट अडकली होती. मिस्त्रीची बोटं शिवशिवली. ती त्याने आवरली.

'तुझी आई कशी होती?' त्याने लिहिलं आणि हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

 पलीकडून एक ओळ आली, मग दुसरी, मग थांबेचनात. मिस्त्री मान वर ठेवून वाचत राहिला. बोट आली, पाट्या लावलेल्या माणसांना घेऊन गेली. बोट जाताना त्याने नीट पाहिली आणि तिला सांगितलं नाही. लॅबची सुट्टी संपली तेव्हा तिची गोष्ट जेमतेम आईच्या लग्नापर्यंत आली होती.