हाड कमरेचं, जबडा त्याचा

अन्याय झाला तो उरवड्याच्या कारखान्यात पत्रा दाबायचा प्रेस चालवणाऱ्या माणसावर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीला, भर गेटवर. नाव छापू नका म्हणालाय, म्हणून छापत नाही.

त्याआधी कामावरच प्रेसचा दांडा तोंडावर बसून त्याचे खालचे दात गेले, जबडाही खचला. पुण्याच्या डॉक्टरांनी कमरेचं हाड काढून जबड्यात बसवलंय. ते धरलं तरच त्यात नवे दात रुतवता येतील. तोंडापुढं टॉवेल धरून तो भेटेल तेव्हा मला विचारतो, "धरंल न्हवं, दादा?"

गेटवर सुपरवायझर म्हणाला, "लागलं तोंडाला आन् लंगडतोस पायानं? चल, पेट्या उचल."

सगळे हसले. या लाजाळू माणसानं सदरा वर करून कमरेवरचे टाके दाखवले. हसणं थांबलं. त्यानं पेटी उचलली.

ऑफिस म्हणतं, प्रेसवर लागल्याचा साक्षीदार आण, मग रजा. दांडा बसताना पाहिलं तर पाळीतल्या तुम्ही सगळ्यांनीच. उद्या पाळीआधी त्याच्या रजेच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करा.