बाटलीच्या मापाचा साचा

मुलगी जेवताना बाटली मागेनाशी झाली, तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला होता.

एरवी ताटात काहीही वाढा, मुलीचा हात आधी तिखट सॉसच्या बाटलीकडे जायचा. "अगं, चव तरी बघ आधी," असं आई म्हणायची, आणि मुलगी म्हणायची, "बघतेच आहे ना, याच्यासकट." आता बाटल्या फ्रीजच्या दारात जागच्या जागी उभ्या होत्या, आणि मुलगी खाली मान घालून जे वाढलंय ते गिळत होती. बाबा खूश. "सुटलो एकदाचा. तिच्या पोटाची जळजळ थांबली आणि माझ्या डोळ्यांची पण." आईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते निमूटपणे भात कालवायला लागले. पोटासाठी तिखट सोडलं असतं तर आईने देवाचे आभार मानले असते. पण मुलीचं मनच उडालं होतं. का उडालं तेही आईला ठाऊक होतं. उपाय तेवढा सापडत नव्हता.

मुलगी एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं यायची. त्यांत ती पातळ प्लॅस्टर ओतायची, टेबलावर ठोकून ठोकून बुडबुडे काढायची, मग मेणाच्या हिरड्या करून त्यांत एकेक दात बसवायची. दात अगदी सरळ रांगेत लावले की खोटे दिसतात, म्हणून एखादा मुद्दाम किंचित वाकडा. बसमध्ये कोणी हसलं की हिची नजर आधी दातांवर. "आई, त्या आजींची वरची माझी आहे," असं कानात कुजबुजायची, आणि आजी उतरेपर्यंत त्यांच्याकडे मायेने बघत राहायची.

तिची जिवाभावाची मैत्रीण समोरच्या बिल्डिंगमधली. चणीने एवढीशी, बोलायला लागली की झोंबणारी, म्हणून गल्लीभर तिचं नाव पडलं लवंगी. कोपऱ्यावरच्या दुकानात तऱ्हेतऱ्हेचे सॉस यायला लागले आणि दोघींना वेड लागलं. एक हिरवा, आंबट. एक पिवळा, दिसायला गरीब गाय, जिभेवर पडला की ब्रह्मांड आठवायचं. एक काळपट लाल, धुराच्या वासाचा. नियम एकच, नवी बाटली एकटीने उघडायची नाही. दोघींनी चमचा एकदम तोंडात घालायचा. मग ओट्यापाशी दोघी पाय आपटत, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत उभ्या.

"काकू, बघा, रडतेय तुमची लेक!"

"मी? आधी स्वतःचं नाक पूस, शेंबडे!"

आई खोकत खोकत खिडक्या उघडायची, दोघींवर करवादायची. तो गोंधळ एक दिवस थांबेल, असं तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

लवंगी सैन्यात गेली. मोठमोठ्या ट्रकांची इंजिनं दुरुस्त करायची, आणि तिच्याच शब्दांत, "पोट भरतं हो काकू, फक्त जिभेला पत्ता लागत नाही." तेव्हापासून मुलगी एकाच सॉसच्या दोन बाटल्या आणायची. एक तिकडे जायची, दुसरी इकडे वाट बघत राहायची. तिकडची पोचली की फोनवर बोलत दोघी एकदम झाकण उघडायच्या.

पहिली बाटली वाटेतच फुटली आणि पोत्यातलं सगळं टपाल मिरचीत न्हाऊन निघालं. "अख्खी छावणी शिंकतेय तुझ्या नावाने," लवंगीने कळवलं. मुलगी हार मानणाऱ्यातली नव्हती. जबड्याचं घेतात तसं तिने बाटलीचं माप घेतलं आणि प्लॅस्टरचा साचा केला, दोन अर्ध्या भागांचा. बाटली त्यात अशी बसायची, जणू तिथेच वाढली. त्यानंतर एकही फुटली नाही.

बिघडलं ते एका थट्टेने. गेल्या खेपेला मुलीने बाटलीच्या गळ्यापाशी एक बाद झालेली कवळी बसवून दिली. लवंगीने साचा उघडला की बत्तीशी हसली पाहिजे, एवढाच बेत. पण या वेळी छावणीच्या फाटकावर तपासणी करणारे नवे होते, त्यांना तो पांढरा जड गोळा काय ते उमगेना. वरिष्ठांच्या समोर साचा फोडला, आणि आत माणसाचे दात. लवंगीला उभं करून खडसावून विचारलं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला, आवाज कधी नव्हे इतका कोरडा. "यापुढे पार्सल पाठवू नकोस." पाठोपाठ कळलं, तिची सुट्टीही रद्द झाली.

"माझ्यामुळे गेली," मुलगी म्हणाली. त्यानंतर तिने ना फोन केला, ना बाटलीला हात लावला.

आणि आज औषधांच्या दुकानात लवंगीची आई भेटली.

"तुमच्याकडे कळलंच असेल," त्या म्हणाल्या. "परवा निघतेय ती. आणखी लांब, फोन लागत नाही म्हणे तिथे. कधी परत येईल ते तिलाही माहीत नाही."

"मग म्हणून सुट्टी…"

"सगळ्यांच्याच रद्द झाल्या ना. अख्खी तुकडी हलतेय."

"त्या दातांमुळे नाही?"

"कसले दात?"

आईने सगळं सांगितलं. लवंगीची आई खोकल्याच्या औषधाची बाटली छातीशी धरून खो खो हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मग नुसत्याच पुसत राहिल्या.

आई तिथून तडक लॅबमध्ये गेली. जिन्यावर पांढरी धूळ, आत घासायच्या यंत्राची घरघर. यंत्रावर बसलेले मामा, म्हणजे साऱ्या लॅबचे मामा, तिला बघून म्हणाले, "या ताई. तुमच्या लेकबाई मेणात बुडाल्यात."

मुलगी स्टुलावर बसून दाढा लावत होती.

"ती परवा जातेय," आई म्हणाली.

"माहितीये. मेसेज आला." तिने मान वर न करता फोन पुढे सरकवला. त्यावर होतं, 'जातेय. नीट राहा.' खाली हिचं उत्तर, 'तू पण.'

"तू पण? बालवाडीपासूनची मैत्री आणि तू पण?"

"तिने तरी कुठे कादंबरी लिहिलीये?"

"अगं, सुट्टी तुझ्यामुळे नाही गेली. सगळ्यांची गेली. तिची आई आत्ता सांगत होती."

"त्या तसंच सांगणार. मला वाईट वाटू नये म्हणून. तुझ्यासारख्याच आहेत त्या."

"त्यांना दातांचं माहीतसुद्धा नव्हतं!"

मुलीचा हात थांबला. "बघ. म्हणजे तिने घरी पण सांगितलं नाही. इतकं लागलंय तिला."

आई कपाळाला हात लावून उभी राहिली. या पोरीला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"घेऊन जा हो हिला घरी," मामा म्हणाले. "जेवायच्या सुट्टीत पण प्लॅस्टर कालवत बसते. गोणी संपवली माझी."

तेव्हा आईचं लक्ष खिडकीकडे गेलं. तिथे एक साचा पालथा ठेवला होता. तिने उचलला. आत जबडा नव्हता. लांब मान, फुगीर पोट, बाटलीच्या आकाराचा गुळगुळीत खळगा. आणि तो कोमट होता. घट्ट होताना प्लॅस्टर तापतं, मुलीनेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे हा आत्ता ओतलेला.

"पाठवणार आहेस?"

"नाही."

"मग?"

मुलीने मेणातला एक दात बोटाने किंचित वाकडा केला. "हाताला सवय लागलीये गं आई. दुपार झाली की करावासा वाटतो."

आई साचा होता तसा ठेवून बाहेर आली. जिन्याच्या वळणावर पाय थबकले. इतक्या वर्षांत दोघींच्या भांडणात तिने कधी तोंड घातलं नव्हतं. भांडायच्या, तासाभरात एकीची हाक यायची, दुसरी धावायची. आता परवानंतर हाक पोचणारच नव्हती. ही इथे रिकामे साचे करत बसेल आणि ती तिकडे ते दोन कोरडे शब्द मनात घोळवत, हिचा राग आहे समजून राहील.

मुलीचं म्हणणं एका बाबतीत खरं होतं. आयांनी सांगून भागणार नव्हतं. सांगायला लवंगीच हवी होती.

तिने पर्समधून फोन काढला. काय बोलायचं ते मनात जुळवलं. 'काकू बोलतेय गं. आत्ताच्या आत्ता तिला फोन कर. शिव्या द्यायच्या तर दे, पण तुझ्या तोंडाने सांग, सुट्टी का गेली ते.' मुलीला कळलं तर ती घर डोक्यावर घेईल, हे उघड होतं. घेऊ दे. घरात आवाज तरी होईल.

वर यंत्राची घरघर थांबली होती. आईने चष्मा लावला आणि लवंगीचा नंबर शोधायला घेतला.