चौथा बोल्ट

कचरू मिस्त्रींकडं गाडी नेली की आधी मालकाला गाडीखाली जावं लागायचं. गोणपाट अंथरलेलंच असायचं. "तुमची गाडी, तुमीच बघा तिचं पोट. मंग मला नावं ठेवू नका," म्हणत ते शेजारी उकिडवे बसायचे. पडेगावच्या अलीकडं दौलताबाद रोडला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. जीपला पुढचे गार्ड, ओढायचे हूक आणि दगडावर आपटून इंजिनाचं चेंबर फुटू नये म्हणून खालून जाड प्लेट, ही त्यांची कामं. कपडे मळतील म्हणून कां-कू करणाऱ्याची गाडी ते तशीच परत पाठवत.

मी तेव्हा नुकतीच जनावरांची डॉक्टर झाले होते. सिल्लोडच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाड्या माझ्याकडं होत्या आणि वडिलांनी एक जुनी जीप घेऊन दिली होती. गाडी दगडधोंड्यांतून जाते, प्लेट बसवायची आहे, असं सांगितल्यावर मिस्त्रींनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "खरंच जाती? का नुसतं दिसायला पायजे? पोरं कालेजापुढं उभी करायला गार्ड लावत्यात." मग चाकामागची माती नखानं खरवडली, बोटांत चुरडली आणि हुंगली. "शेण हाय. खरं बोलताय तुमी."

त्यांचा कशावरच भरवसा नव्हता. बाजारातून आणलेला प्रत्येक बोल्ट ते फरशीवर आपटून कानाशी धरत. "कंपनीचा हाय म्हून काय देव हाय का?" असं वर विचारत. कालच स्वतः मारलेल्या वेल्डिंगवर आज हातोडी घालून बघत. हॉटेलातून चहा आला की आधी कप उन्हाकडं धरून आत बघायचे, मग प्यायचे. पाचशे किलोमीटर झाले की गाडी परत आणायची, ही त्यांची सक्त ताकीद होती. "तुमच्यासाठी नाय बोलवत. माझ्या हातावर माझा इश्वास नाय."

ते मला मोठेपणानं बोललेलं वाटलं होतं. पण गाडी न्यायला गेले तेव्हा शेजारचा पंक्चरवाला कानाशी लागला. "म्याडम, जपून. ह्यांनी लावलेली प्लेट सुटली न् ह्यांचाच मेव्हणा घाटात गेला. बायकोचा सख्खा भाऊ." मिस्त्रींना विचारायचं धाडस झालं नाही. घरी येऊन मी बहिणीची नेलपॉलिशची बाटली घेतली आणि गाडीखाली शिरून प्लेटच्या चारही बोल्टांवर, नटापासून प्लेट गाडीला धरणाऱ्या पट्टीपर्यंत, एकेक लाल रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार आणि हा माणूस पकडला जाणार, असा माझा हिशेब होता.

पाचशे किलोमीटरनंतर ते गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. "बाई, हे कुंकू कोणी लावलं?" आतून आवाज आला. मी चोरी सापडल्यासारखी उभी. ते बाहेर आले तर चक्क खूश होते. "लई झकास केलं. जागच्या जागी हायेत चारी. असाच डोळा ठेवा माझ्यावर. मी एकटा किती ठेवू?"

त्या दिवशी त्यांनीच सगळं सांगितलं. मेहुण्याची जीप दरीत गेली. लोक म्हणाले, प्लेट पुढून सुटून लोंबत होती, ती स्टेअरिंगच्या दांड्यात अडकली. मिस्त्री पोचेपर्यंत भंगारवाल्यानं गाडी तोडून नेली होती. "मी आवळला होता बोल्ट. म्हंजी, आवळला होता असं वाटतं. नुसत्या वाटण्याचं काय करू?" बायकोनं त्यांना कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि तिच्या त्या गप्प राहण्याची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती होती.

तीनेक वर्षांनी एका वाडीवर म्हैस तपासताना गोठ्याजवळच्या हौदावर झाकण म्हणून टाकलेली एक प्लेट मला दिसली. ऑइल काढायला मिस्त्री अर्धचंद्रासारखं भोक पाडत, तसं भोक दुसरं कुणी पाडत नसे. ते तिच्यावर होतं. तीन बोल्ट अजून घट्ट बसलेले, त्यांना फाटलेल्या पट्ट्यांचे तुकडे चिकटलेले. पट्ट्या फाटल्या, पण बोल्टांनी धरलेलं सोडलं नव्हतं. चौथं भोक मात्र रिकामं होतं.

"हिथला बोल्ट कुठंय, दादा?" मी शेतकऱ्याला विचारलं.

"घाटात पडलेल्या जीपची हाय, भंगारातून आणली तवाच नव्हता, बाई."

तो अपघाताआधी गळाला की दरीत पडताना तुटला, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. मी म्हशीला इंजेक्शन दिलं, हात धुतले आणि म्हणाले, "मी एका माणसाला घेऊन येते. त्यांनी विचारलं तर म्हणा, बोल्ट मीच काढला, वखराला लावला."

"पोलिसाचं लफडं तर नाय ना?"

"नाही."

"मंग म्हणतो."

पुढच्या आठवड्यात मी मिस्त्रींना घेऊन गेले. त्यांनी तिन्ही नटांना पाना लावून सगळा जोर केला. एकही हलला नाही. मग चौथ्या भोकात बोट घालून ते कितीतरी वेळ फिरवत राहिले. मी पढवलेलं शेतकऱ्यानं म्हणून दाखवलं.

"कवा काढला?"

"आणली तवाच."

"कंच्या पान्यानं?"

शेतकरी अडखळला, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हशीचा कान तपासायला लागले. "शेजाऱ्याच्या," तो म्हणाला.

"वखर दाखव."

"वखर इकला, मामा."

परत येताना सिल्लोड मागं पडलं. मग मिस्त्री म्हणाले, "बाई, तुमी त्याला पढवलं तर नाय ना?"

"नाही," मी म्हणाले.

वेल्डिंगकडं बघायचे तसं त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. "तुमी कशाला खोटं बोलाल?" आयुष्यभर ज्यांनी कुणाचा शब्द खरा मानला नाही, त्यांनी माझा मानला. मला फार बरं वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दोन वर्षांनी ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला जवळ बसवून घेतलं. "त्या दिशी घरी येऊन लई रडले," काकू म्हणाल्या. "म्हणाले, तुझ्या भावाला मी नाय मारलं, डागदरीणबाई साक्षीला हायेत. इतकी वरसं माझ्या बी मनातून ती शंका जात नव्हती बघा. इचारायची बी भीती वाटायची." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमी सोता ऐकलं ना, बाई? त्या माणसानंच काढला होता ना?"

मरणारा त्यांचा पाठचा भाऊ होता. खरं ऐकायचा हक्क कुणाचा असेल तर तो त्यांचा होता.

"हो काकू," मी म्हणाले.