न उडालेला पत्रा

साड्यांच्या कॅटलॉगवर मजकूर लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सुरतेत, पर्वत पाटियाजवळच्या कापड मार्केटात बसून मी दिवसभर साध्या पॉलिएस्टरला 'राजेशाही' म्हणत असतो. या लिखाणात हातचं राखून चालत नाही. 'जवळजवळ रेशमी' अशी साडी कोण घेणार?

असल्या माणसाने खरं तर ज्ञानकोशाच्या वाटेला जाऊ नये. पण इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात, जिथे कोणीही लेख सुधारू शकतो, मला सुरतेवरून गेलेल्या एका जुन्या चक्रीवादळाचा लेख दिसला. लेख कसला, दोन ओळी, त्यातली एक लेख अपूर्ण असल्याचं सांगणारी. वादळ माझ्या जन्माआधीचं. पण उधन्याच्या आमच्या घरात ते अजून चालूच होतं, कारण माझी काकू कुठलीही गोष्ट 'वादळाच्या आधी' नाहीतर 'वादळाच्या नंतर' अशीच सांगते. म्हटलं, चला, समाजसेवा करू.

वाचनालयात जाऊन जुनं गुजराती वर्तमानपत्र काढलं, त्यावरून लेख वाढवला, खाली रीतसर संदर्भ दिला. उधन्यावर एक खणखणीत वाक्य ठोकलं: 'उधन्यातील चाळींचे सर्व पत्रे उडाले.' स्वतःवरच खूश होऊन घरी आलो आणि काकूच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, लेख मोठ्याने वाचायला दिला. काकू शेजारी लसूण सोलत होती. त्या वाक्यापाशी तिचा हात थांबला.

"मना पत्रा नही उडना," ती आपल्या खान्देशी बोलीत म्हणाली.

"पण आई, इथे तर सगळे उडाले असं लिहिलंय," वहिनी म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण काकूचा चेहरा उतरला, तो मला दिसला.

पत्र्याची गोष्ट आम्हाला पाठ होती. काका लूमवर कामाला, लग्न नवीन. वारा सुटला तसा काकांनी कारखान्यातल्या चिंध्या पिळून जाड दोर केला, छपराला बांधला, दुसरं टोक लोखंडी खाटेला बांधलं आणि वजन म्हणून काकूला खाटेवर बसवलं. काकू तेव्हा काडीसारखी. खाट तिच्यासकट उचलली जाऊ लागली. मग काकांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. ज्याचा पत्रा उडाला, तो आमच्या खाटेवर. नळावरून काकांशी अबोला धरलेला एक धिप्पाड शेजारी होता, त्यालाही काकांनी फार प्रेमाने "या, मधोमध बसा" म्हटलं. वारा पडेपर्यंत अर्धी चाळ त्या एका खाटेवर होती आणि वरचा पत्रा जागच्या जागी.

काकांनी आयुष्यात दुसरं काही सांगण्यासारखं केलं नाही. आता काका नाहीत. खाटेवरचे काही वारले, काही खान्देशात परतले. राहिली काकू. आणि मी तिच्या नवऱ्याचा पत्रा सगळ्या जगासमोर उडवून बसलो होतो.

मी घाईघाईने 'एक सोडून सर्व' अशी दुरुस्ती केली. ज्ञानकोशावर पहारा देणाऱ्या कोणा संपादकाने ती पुसली आणि लिहिलं, 'संदर्भ द्यावा.'

"संदर्भ म्हंजे?" काकूने विचारलं.

"पुरावा. हे कोण सांगतंय ते."

"मी शे ना."

तसं मी कळवलं. उत्तर आलं, 'आपल्या काकूंचं म्हणणं कुठे प्रकाशित झालं आहे का?' काकू म्हणाली, "सगळ्या गल्लीला तोंडपाठ आहे, अजून काय पाहिजे त्याला? जेवायला बोलव. कळण्याची भाकरी खाल्ली की समजेल." हे काही मी कळवलं नाही.

पण त्यानंतर तिने वादळाचं नाव घेणंच टाकलं. लग्न कधी झालं असं शेजारणीने विचारलं, तर "झालं कवातरी" म्हणाली. घरात 'आधी' नि 'नंतर' हे दोन शब्द ऐकू येईनासे झाले आणि मला जेवण गोड लागेना.

शेवटी पुन्हा वाचनालय गाठलं. म्हटलं, बातमी नीट वाचू, कुठे खाटेचा उल्लेख सापडतोय का. खाट नव्हती. पण माझ्या त्या खणखणीत वाक्याच्या जागी स्वच्छ गुजरातीत होतं, 'लगभग बधां पतरां'. लगभग. ते मीच खाल्लं होतं. मुद्दाम नाही हो, सवयीने. कॅटलॉगमध्ये असला शब्द दिसला की माझा हात आपोआप त्याच्यावर काट मारतो.

मी तो शब्द परत घातला. संपादक महाशयांनी वर आभारही मानले. मग फोन घेऊन काकूसमोर बसलो आणि वाचलं, "उधन्यातील चाळींचे जवळजवळ सर्व पत्रे उडाले."

"जवळजवळ म्हंजे?"

"म्हणजे थोडे राहिले."

"थोडे नही. एकच."

"एकच," वहिनी म्हणाली, "आपला."

काकूने हात पदराला पुसले. "दाखव, कुठे शे?" मी शब्द दाखवला. तिला वाचता येतं, पण हळू. तिने त्या शब्दावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "हाऊ मना पत्रा."

बोट जरा सरकलं. त्यासरशी अख्खा लेख सरसर वर गेला आणि शब्द दिसेनासा झाला. काकूने दोन्ही हातांनी फोन घट्ट दाबून धरला.

"धर रे," ती म्हणाली, "उडी जाई."