भिंगरीची फिल्म आणि वर जाणारे हात

भिंगरीचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण पाळण्यातसुद्धा ती एका कुशीवर टिकली नाही, म्हणून भिंगरी. शिवाय लहानपणापासून जे बघेल ते तिच्या अंगाला चिकटायचं. पाय मुरगळलेला मामा चार दिवस राहायला आला, तर ही पुढचा आठवडाभर लंगडत होती. मामाला वाटलं पोरगी चिडवतेय. ती चिडवत नव्हती. तिला खरंच सरळ चालता येईना.

अशी मुलगी फिल्म शिकायला गेली, तेव्हा आईनं देव पाण्यात ठेवले ते उगीच नाही.

फिल्मच्या कॉलेजात छोट्या फिल्म बघायला सांगतात. पाच मिनिटांच्या, दहा मिनिटांच्या. बाकीची मुलं बघून सोडून देत. भिंगरी बघायची आणि तो आठवडा घरात तसाच जायचा. एका आठवड्यात सगळ्या फिल्म मुक्या होत्या, तर तिनं घरात बोलणं बंद केलं आणि मीठ हवं असलं की मिठाच्या बरणीकडे दुःखानं बघायची. एका आठवड्यात कॅमेरा न थांबवता घेतलेल्या फिल्म होत्या, तर बाबांना बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत एका दमात चालायला लावलं. मागून मोबाइल धरलेली भिंगरी आणि तिच्या मागून पोछ्याच्या दांड्याला माईक बांधून आई.

बाबांचं किल्ल्या बनवायचं आणि कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस हौशी, पण त्यांचीही एक तक्रार होती.

"अगं, दरवेळी मी मरतोच का?" ते एकदा जेवताना म्हणाले. "मागच्या महिन्यात खुर्चीत मेलो, परवा अंथरुणात मेलो. एकदा तरी दुकानात जाऊ दे मला."

"बाबा, तुमचा चेहरा मरायला चांगला आहे," भिंगरी म्हणाली.

"ऐकलंस?" बाबा आईला म्हणाले. "आणि तू म्हणतेस, पोरगी कौतुक करत नाही."

खरी अडचण होती वर्गात. त्यांच्या सरांची एक रीत होती. कुणाची फिल्म दाखवायची, तर खोलीत अंधार करायचा आणि सर पडद्याखाली मुलांकडे तोंड करून बसायचे. फिल्म चालू असताना, हा शॉट आपण आधी कुठल्या तरी फिल्ममध्ये पाहिलाय असं ज्याला वाटेल, त्यानं न बोलता हात वर करायचा. सर फिल्म बघायचेच नाहीत. हात बघायचे.

भिंगरीच्या गेल्या फिल्मला पहिल्याच शॉटला हात वर गेले आणि शेवटपर्यंत खाली आले नाहीत. ठिबकणारा नळ, हात वर. रिकामा झोपाळा, हात वर. खुर्चीत मेलेले बाबा, तेव्हा तर मागच्या बाकावरच्या एकीनं दोन्ही हात वर केले.

दिवे लागल्यावर सर शांतपणे म्हणाले, "भरपूर बघतेस, चांगलं आहे. पण बघितलेलं पोटात गेलं पाहिजे. तुझं ओठांवरच राहतं. शेवटच्या फिल्मलाही हात असेच वर राहिले, तर पुढच्या वर्षी पुन्हा याच वर्गात बसावं लागेल."

भिंगरी घरी आली ती तोंड पाडून. मुक्या आठवड्यातलं दुःखानं बघणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं आईला लगेच कळलं.

आईनं मग कंबर कसली. भिंगरीला फिल्म बघायची बंदी आणि बघायच्या त्या सगळ्या आई बघणार. कुठला शॉट कुणी आधी घेतलाय हे एकदा ठाऊक झालं की पोरीला वेळेवर अडवता येईल, असा तिचा हिशेब. आई बी.ए. झालेली, परीक्षेआधी सगळं पाठ करायची तिला सवय होती. ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. पेशंट आत गेला की फिल्म लावायची.

पंधरवड्यात तिची भिंगरी झाली.

एक गृहस्थ गाल धरून आले आणि म्हणाले, "डॉक्टर आहेत का?" आईनं मान वर केली. बंद दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग एक लांब श्वास सोडून हळूच म्हणाली, "आहेत." त्या गृहस्थांनी गालावरचा हात काढला, "फार वाईट झालं हो," म्हणाले आणि दुखत्या दाढेसकट निघून गेले.

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळी तिला आत बोलावलं. "ताई, घरी सगळं ठीक आहे ना? मला आज दोन फोन आले. मी कशानं गेले, असं विचारत होते."

घरी भिंगरीचे वेगळे हाल. काहीही सुचलं की आई हात वर करायची. म्हातारा आणि नातू? हात वर. हरवलेलं मांजर? हात वर, आणि वर "तीन फिल्म आहेत मांजराच्या, एकीत तर ते सापडतं" अशी माहिती.

"आई, मग मी करू काय?"

"कुणी केलं नाही ते कर."

"म्हणजे काय?"

"ते मला माहीत असतं तर मी दाढांच्या दारात बसले असते का?"

शेवटी भिंगरीनं एक साधी गोष्ट धरली. एक माणूस कामावरून येतो, जिना चढतो आणि स्वतःच्या दारापाशी थबकतो. पुढचं पुढे. रविवारी सकाळी तिनं जिन्यात स्टँडवर कॅमेरा लावला. बाबा दुकानाचा शर्ट घालून खालून वर आले, दारापाशी पोचले आणि थबकले. फार सुंदर थबकले. दारावर त्यांनी हळूच तळवा ठेवला.

आत गॅसवर डाळ ठेवून दाराशी आलेल्या आईनं दाराच्या भिंगातून ते पाहिलं. दारावर तळवा तिनं गेल्याच आठवड्यात एका फिल्ममध्ये पाहिला होता. ती दार उघडून, हात वर करून, बाहेर धावली. "तळवा नको, तळवा नको."

तिच्या मागं दार धाडकन लागलं.

तिघं दाराकडे बघत राहिली. घराच्या किल्ल्या आत. बाबांच्या दुकानाच्या किल्ल्या त्याच जुडग्यात. कुलपं उघडायची सगळी हत्यारं दुकानात. आणि गॅसवर डाळ.

"अहो, उघडा की," आई म्हणाली. "तुमचंच तर काम आहे."

"कशानं उघडू? नखांनी?"

"माझी पिन घ्या."

बाबांनी पिन घेतली. हे कुलूप त्यांनी स्वतः निवडून, स्वतः बसवलेलं होतं आणि पाहुण्यांना ते जिन्यातच थांबवून त्याचं वर्णन ऐकवायचे. पिन वाकली. दुसरी वाकली. तिसरी आत अडकली.

"चोराच्या बापाला उघडणार नाही," बाबा म्हणाले. आवाजात थोडा अभिमान आलाच.

"चोराचं राहू द्या. डाळ लागतेय."

वास यायला लागला होता. वरच्या मजल्यावरच्या आजी डोकावून म्हणाल्या की समोरच्या गल्लीतल्या किल्लीवाल्याला बोलवा. बाबांचा चेहरा पडला. त्या किल्लीवाल्याशी त्यांचं गेली कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्याबद्दल ते घरी जे बोलायचे, ते इथं लिहिता येणार नाही.

"त्याला? मी? त्यापेक्षा मी इथंच राहतो. चटई आणून द्या."

"चटई आत आहे," भिंगरी म्हणाली.

आईनं शेवटचा उपाय काढला. "ठीक आहे. डाळ जळेल, मग पातेलं, मग पडदे. मग दार आपोआप उघडेल."

बाबा उतरले. दहा मिनिटांनी किल्लीवाला पुढं आणि बाबा दोन पायऱ्या मागं, असे दोघं आले. किल्लीवाल्यानं कुलपाकडे पाहिलं, बोटानं कुरवाळलं, अडकलेली पिन काढली आणि एक बारीक तार आत सरकवली. दार उघडलं.

"कुणी बसवलं हो हे?" त्यानं विचारलं.

बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "होता एक."

"काम चांगलं केलंय," किल्लीवाला म्हणाला. "मला दोनदा तार फिरवावी लागली."

आई आत धावली. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की भिंगरी एवढा वेळ कॅमेऱ्यामागं उभी आहे आणि कॅमेरा एकदाही थांबलेला नाही. पोरीच्या चेहऱ्यावर कुठल्याच फिल्मचा भाव नव्हता. ती नुसती हसू दाबत होती.

फिल्म दाखवायच्या दिवशी काम केलेल्या घरच्यांनाही बोलावलं होतं. बाबा दुकानामुळे आले नाहीत, निदान तसं म्हणाले. आई मागच्या बाकावर बसली. अंधार झाला, सर पडद्याखाली मुलांकडे तोंड करून बसले, आणि आई फिल्मकडे न बघता हातांकडे बघायला लागली.

बाबा जिना चढले. एक हात वर झाला, खाली आला. तळवा, दोन हात. मग आई पडद्यावर धावत बाहेर आली आणि पुढं हातच नाहीत. नुसतं हसू. सरांनी दोनदा मान वळवून पडद्याकडे पाहिलं, हे आईला विशेष वाटलं. तिचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात शेवटचा शॉट आला. सगळे आत गेलेत आणि रिकामा जिना, बराच वेळ, दिवा विझेपर्यंत.

सगळ्या वर्गाचे हात वर. एकजात.

दिवे लागले. सरांनी विचारलं, "हा कुठून आणलास?"

"पहिल्या वर्षी तुम्ही दाखवलेल्या फिल्ममधून," भिंगरी म्हणाली. "मला तो फार आवडतो, सर. बाकी सगळं आमच्या घरचं आहे."

"आवडला म्हणून घेतलास, की दुसरं सुचलं नाही म्हणून?"

"आवडला म्हणून. दुसरा होता. मी कॅमेरा उचलून आईच्या मागं आत गेले होते. ती गॅस बंद करते आणि जळकी डाळ चमच्यावर घेऊन चाखून बघते. पण तिनं तो काढायला लावला."

"का?"

भिंगरीनं मागं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आईला उभं राहावं लागलं.

"ओटा आवरलेला नव्हता हो सर," ती म्हणाली.

सर हसले. त्यांना हसताना वर्गानं क्वचितच पाहिलं होतं. "जिना राहू दे. माणसाला काहीतरी आवडलं पाहिजे. त्याच्याआधी डाळ घाल. पास."

बाहेर व्हरांड्यात आईच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात एक मुलगी धावत आली. मागच्या वेळी दोन्ही हात वर करणारी हीच.

"काकू, माझ्या फिल्ममध्ये काम कराल? एका आईचंच आहे. ती बसथांब्यावर बसते आणि लांब बघत राहते."

"बस येतेय का ते बघते?"

"नाही. नुसतंच."

"किती वेळ?"

"पूर्ण फिल्मभर."

आईनं मनापासून विचार केला. "नाही गं जमायचं," ती म्हणाली. "बस इतकी उशिरा येत असेल, तर मी आधी कुणाला तरी विचारीन."