आईची काठवट

मी शाळेत होते तेव्हा आमची काठवट चुलीत गेली. वडील सुतार. लोकांची दारं-खिडक्या करायचे. पाय मोडून घरी बसले तेव्हा काम बंद, रॉकेल संपलेलं. आईनं पीठ मळायची लाकडी काठवट, माहेरची, वडिलांच्याच लाकूड तासायच्या वाकसानं फोडली आणि तिच्या जाळावर भाकरी भाजल्या. वडील म्हणाले, "नवी करून देतो." मग आई ॲल्युमिनियमच्या ताटात पीठ मळायला लागली. ताट फरशीवर सरकायचं, म्हणून पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायची. नवी काठवट काही झाली नाही. वडिलांच्या हातातलं चांगलं लाकूड नेहमी दुसऱ्याचं असायचं.

खंडेनवमीला ते हत्यारं पुसून पाटावर मांडत, शेजारी माझी पुस्तकं. मी पटाशीकडे हात नेला की तो उचलून पुस्तकावर ठेवत. "तुझी हत्यारं ही." मी बी.कॉम. झाले. कॉलेजांना दारं वडिलांनी बसवली होती, पण घरातलं कुणी आत शिकायला गेलं नव्हतं. मी गेले. आज शहरातल्या आबिड्सला नोकरी करते, स्टीलची परात घेऊ शकते. घेतलीही. आई तीसुद्धा अंगठ्यानं दाबते.

वडिलांचे हात आता थरथरतात. नवी काठवट ते करणार नाहीत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

चिक्कडपल्लीत एका बांधकामासाठी आंब्याचं झाड पाडलं. मी खोडाचा तुकडा मागून घेतला. रिक्षावाला म्हणाला, "ये कायकू बाजी? चुल्हा जलाते क्या?"

"नै भाई. पहले जलाए थे, अब बनाना है."

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरी गच्चीवर बसले. वाकसानं बाहेरचा आकार काढला, मग गोल तोंडाच्या पटाशीनं काठाकडून मध्याकडे कोरत गेले. वडिलांनी खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली.

"हे करायला शिकवलं नव्हतं तुला."

"शिकवलं नाही म्हणूनच वेळ लागतोय."

"डिग्री घेऊन भुसा पाडते."

आई पापड वाळत घालत होती. म्हणाली, "बोलतात पण कसे दोघं, ठोकून ठोकून."

ओलं लाकूड अर्धं कोरलं की त्याच्याच भुशात, गोणपाटात गुंडाळून सावकाश वाळवायचं असतं. मला घाई. ऑफिसला जाताना पंख्याखाली ठेवून गेले. संध्याकाळी काठाला चीर पडलेली.

आई म्हणाली, "राहू दे गं. परात आहे की."

वडील उठले. काठवट मांडीवर घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला. कानामागची पेन्सिल काढली (काम सुटलं तरी ती तिथंच असते) आणि काठाच्या खाली, चीर संपते त्याच्याही खालून, सगळीकडून रेघ ओढली. रेघ लाटेसारखी आली.

"काठ इथवर उतरव. उथळ होईल. चालतं."

"रेघ सरळ करून घेऊ?"

"तुझं काम. तू बघ."

मी सरळ केली नाही. आहे त्या रेघेवर काठ उतरवला, मग चाकूनं आतल्या खुणा घासून काढल्या. या वेळी ती गोणपाटात ठेवली. पुन्हा पुन्हा उघडून बघायचे. वडीलही बघायचे, मी ऑफिसला गेल्यावर. आईनंच सांगितलं.

वाळल्यावर करडईचं तेल पाजलं. रविवारी आईनं ज्वारीचं पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं. पाणी कुठूनच झिरपलं नाही. ती मळू लागली. सवयीनं तिचा अंगठा पुढं आला आणि काठवट सरकत नाही म्हणून परत मागं गेला. वडील बघत होते. भाकरी तव्यावर पडल्यावर एवढंच म्हणाले, "काठ वाकडा आहे."

"तुमचीच रेघ आहे, अहो," आई म्हणाली.

वडिलांनी कबूल केलेली काठवट आईला मिळाली. त्यांच्या हत्यारांनी ती मी केली.